महालातला वाडा, आजोबा आणि भौतिकशास्त्र

गांधी द्वारातून महालात शिरले की नव्या नागपूरचे रुंद रस्ते मागे राहतात. या वेशीला पूर्वी जुम्मा दरवाजा म्हणत. भोसल्यांच्या राजधानीचा हा जुना गाभा. केळीबाग मार्गावरची गर्दी ओलांडून बडकस चौकाकडे वळावे, तर आतल्या गल्ल्यांत अजून काही वाडे तग धरून आहेत. उंच उंबरठे, काळोखा जिना आणि माजघरात आजोबांचा पलंग. रुग्णवाहिका येथे वळत नाही. डॉक्टरने पायीच जावे लागते.

अशाच एका वाड्यात बारावीचा एक मुलगा आजोबांच्या खोलीत अभ्यास करतो, कारण दुसरी खोली नाही. भिंतीवर सूत्रांचे कागद, उशाशी औषधांचा डबा. त्याच्यापुढे दोन परीक्षा आहेत. जेईई मेनमध्ये भौतिकशास्त्राचे २५ प्रश्न, १०० गुण. बरोबर उत्तरास ४ मिळतात, चुकल्यास १ वजा. २०२१ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. राज्याच्या सीईटीत भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. तेथे चुकीला दंड नाही. म्हणजे एका परीक्षेत न येणारा प्रश्न सोडण्याचा संयम हवा, दुसऱ्या परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. हा विवेक झोपलेल्या मेंदूलाच साधतो, आणि या मुलाची झोप रोज तीनदा मोडत होती. आजोबांना रात्री लघवीसाठी उठवून नेणे हे काम त्याच्याकडे होते.

त्याची आई माझ्याकडे मुलासाठी टॉनिक मागायला आली होती. टॉनिक मी दिले नाही. आजोबांच्या गोळ्या पाहिल्या. लघवी वाढवणारी गोळी सोयीसाठी रात्रीच्या जेवणानंतर दिली जात होती. ती सकाळी आणली. रात्रीचे उठणे तीनवरून एकावर आले, आणि ती एक पाळी काकांनी घेतली. आपल्या घरीही अशी गोळी असेल तर तिची वेळ स्वतः बदलू नये, डॉक्टरांना मात्र जरूर विचारावी. अंधारात वारंवार उठण्याने म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते, हा धोका नातवाच्या गुणांहून मोठा आहे.

दुसरा प्रश्न रक्तदाबाचा होता. घरच्या यंत्रावर वरचा आकडा सतत १५० च्या पुढे जाई आणि मुलगे गोळी वाढवण्याच्या विचारात होते. मी मोजताना पाहिले, तर आजोबांचा हात पलंगाखाली लोंबत होता. नातवाला विचारले, ‘दंड हृदयापेक्षा २० सेंटिमीटर खाली असेल तर किती फरक पडेल?’ त्याने वहीच्या कोपऱ्यात घनता, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार मांडला. रक्ताची घनता पाण्याहून थोडी जास्त धरली आणि उत्तर आले सुमारे १५ ते १६ मिलिमीटर पारा. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत ठेवून पाच मिनिटे शांत बसवल्यावर आकडा १३६ भरला. गोळी वाढवली नाही. द्रवाचा दाब हा धडा त्याला आता पाठ करावा लागणार नाही, असे मला वाटते. (त्याच्या क्लासमध्ये हे उदाहरण बहुधा धरणाच्या भिंतीचे असते.)

त्यानंतर तो आजोबांच्या वस्तूंकडे प्रश्न म्हणून पाहू लागला. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात का? चाळिशीच्या चष्म्याचे भिंग बहिर्गोल का? वाळ्याच्या टट्टीचा कूलर मे महिन्यात खोली थंड करतो, जुलैत का करत नाही? पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते. हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार कशी? म्हणूनच कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवायची असते. नागपूरच्या उन्हाळ्यात वृद्धांच्या खोलीत मी हे नेहमी तपासतो. पडदे लावून, दारे बंद करून कूलर चालवणारी घरे महालात बरीच आहेत.

सीईटी त्याच उन्हात येते. आदल्या रात्री काकाच आजोबांच्या खोलीत झोपणार आहेत, आणि मुलगा वरच्या मजल्यावर.