आसेगावची जागली

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गावात पोलीस ठाणे आहे. गावोगाव १९६७ च्या कायद्याने नेमलेले पोलीस पाटीलही असतात. तरी जेवणे आटोपताच आमचे यजमान घोंगडी, काठी नि बॅटरी घेऊन जागलीला निघाले. मीही मागोमाग गेलो.

"घराले कुलूप लावता येते भाऊ, सुडीले काय लावावं?" ते म्हणाले.

कापून रचलेल्या सोयाबीनची ती सुडी! एक ठिणगी पडली की सालभराची मेहनत राख. पलीकडे तुरीत रोही नि रानडुकरे टपलेली.

शहरात आपण धन आत ठेवून निर्धास्त निजतो. येथे धन उघड्यावर, आणि धनीही त्याच्याच उशाशी. गावात पणत्या तेवत होत्या. शिवारात त्यांची एकटी बॅटरी फिरत होती.