निकाहनाम्याचा प्रवास

शारजाच्या रोला भागात आपल्या माणसाला फारसे परके वाटत नाही. कापडाच्या दुकानात हिंदी-उर्दू चालते, हॉटेलात मल्याळम ऐकू येते आणि मधूनच कोणीतरी फोनवर कोकणीत घरची खुशाली विचारत असते. रोला हे नाव इथल्या एका जुन्या वडावरून पडले. तो वड 1978 मध्ये कोसळला, आता तिथे चौक आणि बाग आहे. सुटीच्या संध्याकाळी बागेत गवतावर बसलेली माणसे दिसतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची बायकामुले गावाला असतात.

आमच्या कोकणाला हे नवीन नाही. पुरुष आखातात आणि बाई म्हसळ्याला किंवा श्रीवर्धनला, असे दोन पिढ्या चालत आले आहे. आमच्या घरात मात्र ते उलटे झाले. 2021 पासून आम्ही मायलेकी शारजात आहोत. एक शाळेत उर्दू शिकवते, दुसरी त्याच शाळेत शिकते. मुलीचे अब्बा म्हसळ्याला किराणा दुकान आणि आपल्या अम्मींना सांभाळत राहिले. दोन वर्षांच्या ईदा फोनवर झाल्या. मुलगी अब्बांना पूर्वी सगळे सांगायची, आता नुसते "हो", "बरी आहे" एवढेच म्हणू लागली. तेव्हा आम्ही ठरवले, यांना इकडे आणायचे.

गावात पहिला प्रश्न आला, बायको नवऱ्याला व्हिसा देते का? देते. संयुक्त अरब अमिरातीने 2019 मध्ये कुटुंबाला आणण्यासाठीची हुद्द्याची अट काढली आणि उत्पन्नाची ठेवली. महिना 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 दिरहम आणि राहायला जागा. ही अट पुरुषांना आणि स्त्रियांना सारखीच ठेवली. शाळेचा पगाराचा दाखला मिळाला, भाडेकरार शारजा नगरपालिकेकडून साक्षांकित झाला. राहिला एकच कागद, आमच्या लग्नाचा.

लग्न 2009 चे. अख्ख्या मोहल्ल्याने ते पाहिले, पण मोहल्ला इकडे खिडकीवर येऊन साक्ष देत नाही. शरियतीत निकाहाला दोन साक्षीदार पुरतात, महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आमच्या सासऱ्यांनी वलीमा आटोपताच नोंदणी करून घेतली होती. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो, चौदा वर्षांनी त्यांची ती एक फेरी आमच्या कामी आली.

तरी कागदाला सरळ प्रवास नव्हता. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल अनेक देशांत चालते. अमिराती त्या करारात नाही. म्हणून इथे शिक्क्यांची साखळी लागते. आधी राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि कागद इकडे आला की इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यानंतर परवानाधारक भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. यातली एक कडी सुटली तर पुढची खिडकी कागद हातात घेत नाही.

आमचा कागद पहिल्याच ठिकाणी अडला. यांच्या वडिलांचे नाव पासपोर्टवर 'हुसैन' आणि विवाह प्रमाणपत्रावर 'हुसेन'. उर्दू-अरबीत हा शब्द एकाच तऱ्हेने लिहितात. इंग्रजी अक्षरांत आला की त्याची चार रूपे होतात, आणि नोंद करणाऱ्या कारकुनाने त्यातले भलतेच उचलले होते. दुरुस्ती होऊन नवे प्रमाणपत्र मिळेपर्यंत दोन महिने गेले. म्हसळ्याहून फोन आला, "मी तुझा नवरा आहे हे एका मात्रेवर अडलंय." हसून बोलले खरे, पण त्या रात्री आम्हा दोघींनाही झोप लागली नाही.

मात्रेपेक्षा मोठी अडचण त्यांच्या मनात होती. ती त्यांनी उशिरा सांगितली. "इथे दुकानावर माझ्या नावाची पाटी आहे. तिथे माझं नाव तुझ्या नावाखाली येणार. तुझी नोकरी गेली तर माझं राहणंही गेलं." यावर उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. आम्ही एवढेच म्हटले, की आमच्या गावातल्या कितीतरी बायका वर्षानुवर्षे असेच नवऱ्याच्या नावाखाली इथे राहिल्या आणि त्यांना कोणी काही विचारले नाही. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "दूतावासाची फी किती आहे, ते सांग."

2023 च्या डिसेंबरात प्रवेश परवाना आला. आल्यावर साठ दिवसांच्या आत निवासाचा अर्ज करायचा असतो. वैद्यकीय तपासणी झाली, बोटांचे ठसे झाले, आणि एमिरेट्स आयडी हातात पडले. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुटी असते, त्यामुळे सरकारी कामे चार दिवसांतच उरकावी लागतात. नवऱ्याने बायकोच्या व्हिसावर राहून नोकरी करायलाही मुभा आहे. मालकाने कामाचा परवाना काढावा लागतो.

पण अम्मींचे काय? इथे एका नियमाने वाट काढून दिली. निवासी माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिला तर त्याचा निवास रद्द होतो. त्याच्या आत परत आले की चालते. म्हणून दुकान धाकट्या दिरांनी घेतले, आणि पावसाळ्याचे तीन महिने हे अम्मींजवळ राहतात.

ज्या बहिणींच्या घरी यंदा लग्न आहे त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. नोंदणी 90 दिवसांच्या आत करून घ्या. आणि निकाहनामा, नोंदणीचा अर्ज, आधार, पासपोर्ट यांवरचे प्रत्येक नाव, बापाच्या नावासकट, अक्षर अन् अक्षर जुळवून पाहा. मंडपात मुलीचा दुपट्टा जितक्या काळजीने नीट करता, तेवढ्याच काळजीने. वधू-वर पुढे कुठे जातील ते आज कोणाला ठाऊक नसते.