औषध आणि आडपडदा

मधुमेहाचें औषध आयुष्यभर घ्यावें लागतें, ही गोष्ट आतां आपल्या घरांतून कोणासहि नवी वाटत नाहीं. पंगतींत बसलेला गृहस्थ खिशांतून गोळी काढतो, शेजारचा पाण्याचा पेला पुढें सरकवितो, आणि विषय तेथेंच संपतो. स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे छिन्नमनस्कतेच्या गोळीच्या नशिबीं मात्र हा सरळपणा नाहीं. ती कपाटाच्या मागल्या कप्प्यांत, वेष्टन काढून, भलत्याच बाटलींत राहते.

पॅरिस येथें १९५२ सालीं क्लोरप्रोमाझिन हें औषध मनोरुग्णांस देण्यांत आलें, तेव्हांपासून रुग्णालयाबाहेर, आपल्या माणसांत राहणें अनेकांस शक्य झालें. परंतु हीं औषधें विकार मुळासकट उपटीत नाहींत. त्यास आवरून धरितात. ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. औषध चालू असलेल्यांपैकीं वर्षभरांत शेंकडा २७ जणांचा विकार उलटला. औषधाऐवजीं नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा ६४ होतें. पुन्हा रुग्णालयांत जावें लागलेल्यांचें प्रमाण अनुक्रमें १० आणि २६. औषध थांबवितांच विकार बहुधा लगेच उसळत नाहीं. कांहीं आठवडे, कधीं महिने, बरे जातात. ‘पाहा, गोळीवांचून कांहीं अडलें नाहीं,’ असें घरच्यांस वाटतें तें त्यामुळेंच.

आमच्या नात्यांतील एक एम. ए. झालेली मुलगी या विकारांतून सांवरून नोकरी करूं लागली होती. लग्न जमतांना वडीलधाऱ्या मंडळींनीं सासरीं कांहींच न कळविण्याचें ठरविलें. न्हाणीघरांत चोरून गोळी घेणें किती दिवस जमणार? पाहुण्यारावळ्यांच्या गर्दींत ती सुटली. चौथ्या महिन्यांत मुलीची झोप उडाली. शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, असें ती म्हणूं लागली. पुन्हा रुग्णालय आलें. तेथें तिच्या सासूबाई व्याह्यांस एवढेंच म्हणाल्या, “आजार असतोच हो; पण आम्हांस परकें कां लेखलेंत?” आज त्या बाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सुनेच्या गोळ्या स्वयंपाकघरांतील एकाच फळीवर असतात.

या औषधांनीं कांहींजणांस सुस्ती येते, वजन वाढतें, हात थरथरतात. रुग्णानें तशी कुरकुर केल्यास त्यास दटावूं नये, डॉक्टरांस सांगावें. मात्रा वा औषध बदलतां येतें. कांहीं आठवड्यांनीं एकदां घ्यावयाचें इंजेक्शनहि मिळतें.

आणि सोयरीक ठरवितांना हा विषय मुलीच्या संमतीनें आधींच बोलला जावा. त्यापायीं एखादें चांगलें स्थळ हातचें जाईल. तें जाऊं द्यावें. जेथें गोळी उघडपणें घेतां येत नाहीं, अशा घरीं मुलगी देऊन आपण तिचें कल्याण केलें, असें आम्हांस तरी म्हणवत नाहीं.