मागची सीट काढली, पुढची ठेवली

ट्रॅकवर गाडी पळवायची एकदा चटक लागली की माणूस आपल्या गाडीकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो. मागची सीट, गालिचा, दारांची पॅनेलं, छताचं कापड, स्टेपनी, जिकडे बघावं तिकडे किलो दिसायला लागतात. आमच्या गटात वर्षभर हीच चर्चा असते. काय काय काढलंस? किती उतरलं? मीही त्या चर्चेत मनापासून असते. फरक एवढाच की माझी गाडी कोल्हापुरात राहते, ट्रॅक कोइमतूरला आहे आणि मधलं हजाराच्या घरातलं अंतर मी तीच गाडी चालवत कापते. काय काढायचं आणि काय ठेवायचं याचं माझं उत्तर बरंचसं त्या अंतरानं ठरवलं आहे.

गाडी म्हणजे २००२ ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची. बाबांनी हौसेनं घेतलेली. ज्यांनी ती चालवली आहे त्यांना वरच्या आरपीएमला ते इंजिन काय करतं हे सांगायला नको, आणि ज्यांनी चालवलेली नाही त्यांना सांगून ते कळायचं नाही. कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे. मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही रेसिंगची गाडी घडवणारे एस. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. ट्रॅकला नाव त्यांचं. जेमतेम २.१ किलोमीटरचा ट्रॅक. सरळ पट्टा बेताचाच, वळणं एकामागोमाग एक. गाडी सतत थांबवायची, वळवायची, पुन्हा उचलायची. या तिन्ही कामांत वजन आडवं येतं, म्हणून कारीला जाणाऱ्याला गाडी हलकी करायचा मोह जरा जास्तच होतो.

सीट काढायला मी गाडी उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधीच बजावलं, ‘ताई, काढायला धा मिनटं लागत्यात. खरं ह्या मॉडेलच्या क्लिपा आता गावत न्हाईत. दाराची पॅनेलं काढलीसा आणि क्लिपा मोडल्या, तर आयुष्यभर खडखड ऐकायची तयारी ठेवा.’ म्हणून दारांना हात लावलाच नाही. सीटची बैठक, पाठ, मागचा पार्सल ट्रे, डिकीतला गालिचा, स्टेपनी, जॅक, पाने, सगळं बाहेर आलं आणि एकेक वस्तू आम्ही वजनकाट्यावर ठेवली. बैठक आणि पाठ मिळून १७ किलो. स्टेपनी आणि हत्यारं मिळून तेवढीच. बाकीचं किरकोळ सहा. एकूण ४०.

खरा उलगडा झाला तो मोठ्या काट्यावर, जिथे उसाच्या ट्रॉल्या तोलतात तिथे. आधी पूर्ण गाडी चढवली, मग फक्त पुढची चाकं. काट्यावरच्या माणसाला वाटलं मला गाडी नीट लावता येत नाही. पूर्ण गाडी १०४० भरली, पुढची चाकं ६४०. म्हणजे मागच्या दोन चाकांवर फक्त ४०० किलो. मी काढलेले चाळीस किलो जवळजवळ सगळेच त्या चारशेतले. गाडीच्या एकूण वजनाच्या हिशेबानं ही चार टक्क्यांची कपात, मागच्या चाकांच्या हिशेबानं मात्र दहा टक्क्यांची. पुढची चाकंच ओढतात, तीच वळवतात, ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात, आणि त्यांच्यावरचं ओझं होतं तेवढंच राहिलं. आतलं सामान काढण्याबद्दल लोक बोलतात तेव्हा एकूण किलो सांगतात. ते किलो कुठून गेले हे सांगत नाहीत. पुढे इंजिन असलेल्या आणि पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

ट्रॅकवर त्याचा प्रत्यय लगेच आला. सकाळची सत्रं मी सीट आणि स्टेपनीसकट चालवली, दुपारची त्यांच्याविना. गाडी उचलताना फरक जाणवला, नाही असं नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ती थोडी मोकळी वाटत होती. पण वळणाच्या मध्यात अॅक्सिलरेटरवरचा पाय जरा पटकन उचलला की मागचा भाग हलका होऊन बाहेर निघायला लागायचा. सकाळी हेच वळण ती मुकाट्यानं घेत होती. ज्याचा हात तयार आहे त्याला हा स्वभाव आवडेल, तो त्याचा उपयोग करून गाडी लवकर वळवेलही. नवख्यानं मात्र घाबरून पाय पूर्ण उचलला तर गाडी गोल फिरते. मागच्या टायरची हवा थोडी बदलून मी तो स्वभाव आटोक्यात आणला. वेळेचं म्हणाल तर सीट असताना आणि नसताना जो फरक पडला, त्याहून जास्त फरक माझ्या एका फेरीत आणि पुढच्या फेरीत होता.

ब्रेकचं गणितही मी त्याच दिवशी पॅडॉकमध्ये बसून मांडलं. गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते ती वजनाच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वजन चार टक्के कमी केल्यानं जेवढी उष्णता वाचते, तेवढी वेग फक्त दोन टक्क्यांनी कमी असला तरी वाचते. उलट ब्रेकचं तेल जुनं असेल तर सगळी कमाई पाण्यात. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यानं हवेतलं पाणी शोषलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. कोल्हापूरचा पावसाळा काढलेलं तेल घेऊन कारीच्या ट्रॅकवर उतरणं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या फेरीत पेडल पायाखाली खोल जाण्याची तयारी ठेवणं. एक लिटर तेल आणि चांगली पॅड यांनी जो फायदा होतो, त्याची बरोबरी गालिचा काढून होत नाही. पेट्रोलचंही तसंच. एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पाऊण किलो. पंचवीस लिटर कमी घेऊन उतरलं की मागच्या सीटपेक्षा जास्त वजन गेलं, आणि त्यासाठी एकही बोल्ट ढिला करावा लागला नाही. फार खाली मात्र जाऊ देऊ नये. लांब वळणात पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन नेमकं बाहेर पडताना गचके खातं.

माझ्या एका पुणेकर मित्राची एस्टीम आतून पूर्ण सोललेली आहे. जमिनीवरचे डांबरी थर त्यानं ड्राय आइस टाकून काढले. उणे ७८ अंशांचे ते खडे पत्र्यावर पसरायचे, थर कडक होऊन तडतडायला लागला की रबरी हातोडीनं ठोकायचं, की त्याच्या खापऱ्या होऊन सुटतात. छत उघडं, दारं उघडी, आत जोडलेला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणारा लोखंडी नळ्यांचा पिंजरा. त्याच्या शेजारी बसून मी काही फेऱ्या मारल्या आणि खरं सांगते, मला त्या गाडीचा हेवा वाटला. माझ्या गाडीत जे गालिच्याखाली दडून राहतं ते तिथे सगळं ऐकू येतं. टायर घासायला लागण्याआधीचा बारीक सूर, गिअरबॉक्सचं रडणं, चाकाच्या कमानीवर आपटणारे खडे. टायर कुठल्या क्षणी पकड सोडणार हे कानाला आधी कळतं. फेरीला लागणारी वेळ बाजूला ठेवली तरी या एका गोष्टीसाठी कुणी गाडी सोलली तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण त्याची एस्टीम फ्लॅटबेडवरून येते आणि फ्लॅटबेडवरूनच परत जाते. ती कुणाला दवाखान्यात नेत नाही, पावसात बाजारात जात नाही. आणि तिच्यात केज आहे. रेसच्या गाडीत आतलं सामान काढतात त्यामागे वजनाइतकीच महत्त्वाची आणखी दोन कारणं असतात, ती आपण सोयीनं विसरतो. एक म्हणजे केजला जागा हवी असते. दुसरं म्हणजे आग. फोम, गालिचा, छताचं कापड पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. शिवाय सेडान गाडीत मागची सीट काढली की डिकी आणि माणूस यांच्यामधला आडोसाच जातो. रेसच्या गाडीत टाकी आणि चालक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत उभी करतात ती याचसाठी. रस्त्यावरच्या गाडीत आपण सीट काढतो, ती भिंत मात्र उभारत नाही. मग डिकीत राहिलेला जॅक पहिल्याच जोरदार ब्रेकला पुढे येतो. केजबद्दल आणखी एक. हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी तो बनलेला असतो. तो बसवलेली गाडी उघड्या डोक्यानं शहरात चालवली तर छोट्या धडकेतही डोकं लोखंडी नळीवर आदळतं. चार-पाच पट्ट्यांचा हार्नेस घेऊन त्याचे खांद्यांचे पट्टे मागच्या सीटबेल्टच्या जमिनीवरच्या बोल्टला अडकवलेलेही मी पाहिले आहेत. पट्टे खांद्यावरून असे तीव्र कोनात खाली गेले की धडकेत ते पाठीचा कणा दाबतात. माझ्या गाडीत केज नाही, त्यामुळे कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टाच आहे आणि तोच राहील.

कायद्याचंही बोललं पाहिजे, कारण जुन्या गाडीवाल्याला त्यातून सुटका नाही. आरसी बुकात पाच माणसांची गाडी लिहिलेली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता गाडीत मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत. पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरून. त्या दिवशी सीट, पट्टे सगळं जागेवर लागतं. आणि विमा? पॉलिसीतल्या अपवादांत रेसिंग आणि वेगचाचणी स्पष्ट लिहिलेली असते. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून.

मागची सीट काढण्याचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा ट्रॅकचा नव्हताच. मिस्त्रींनी बैठक उचलून मागचा गालिचा सोलला तेव्हा खालचा फेल्ट ओला होता. हातात पिळला तर पाणी आलं. दाराखालची पाणी जायची भोकं पानांनी आणि चिखलानं बुजलेली, पाणी आत मुरलेलं, आणि पायाखालच्या पत्र्यावर तळहाताएवढा गंज. वरून गाडी चकचकीत, आतून हे चाललेलं. बोटानं दाबलं तर पापुद्रे सुटत होते, पण सुदैवानं आरपार झालं नव्हतं. तारेच्या ब्रशनं घासून, गंजरोधक प्रायमर मारून, दोन दिवस उन्हात उघडी ठेवून मगच गालिचा परत टाकला. तुम्ही ट्रॅकवर जा किंवा जाऊ नका, कोकणच्या किंवा कोल्हापूरच्या पावसात वाढलेल्या जुन्या गाडीचा गालिचा एकदा उचलून बघाच. आईनं तो पत्रा पाहिला तेव्हापासून माझ्या या उद्योगाला घरातून होणारा विरोध बराच मावळला.

आता माझी पद्धत ठरली आहे. कोल्हापुरातून निघताना गाडी पूर्ण असते. एसी, गालिचा, स्टेपनी, सगळं. बेंगळुरूच्या अलीकडे रात्री टायर फुटला तर ती स्टेपनीच उपयोगी पडते, आणि सेलमच्या उन्हात एसी नसलेल्या गाडीतून उतरलेला चालक दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर काय लक्ष देणार? पॅडॉकमध्ये पोचलं की दहाचा पाना काढायचा, मागची सीट, स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, सगळं ताडपत्रीवर रचायचं आणि संध्याकाळी पुन्हा बसवायचं. ज्याला कापावं लागतं, तोडावं लागतं किंवा जे संध्याकाळी परत बसत नाही, ते मी काढत नाही.

पुढची पॅसेंजर सीट मात्र मी कधीच काढत नाही, जरी ती एकटी पंधरा किलोची आहे आणि चार बोल्टांत निघते. आसपासचे बरेच जण पहिली तीच काढतात. पण त्या सीटवर माझ्यापेक्षा चांगला चालवणारा बसू शकतो. कारीला एका प्रशिक्षकांनी माझ्या शेजारी बसून दोन फेऱ्या काही न बोलता पाहिल्या. तिसरीत एका वळणाआधी ते म्हणाले, ‘ब्रेक आत्ता नाही... आत्ताही नाही... आता.’ मी ज्या जागी ब्रेक मारत होते तिच्या कितीतरी पुढे त्यांचं ‘आता’ होतं, आणि गाडी व्यवस्थित वळली. नंतर त्यांनी माझी नजर कुठे असते ते विचारलं. माझी नजर वळणाच्या आतल्या कडेवर चिकटलेली असायची. त्यांनी ती बाहेर पडायच्या जागेकडे न्यायला लावली. त्या दिवशी फेरीमागे जेवढा वेळ कमी झाला तेवढा मागची सीट काढून कधी झाला नव्हता, आणि तोही त्यांचं सत्तर-पंचाहत्तर किलोचं वजन गाडीत असताना.