बीदरच्या वाटेवर: मीठ आणि लोखंड

कलबुर्गीहून हुमनाबादमार्गे बीदरला निघाले म्हणजे बराच वेळ काळी जमीन प्रवाशाची सोबत करते. तुरीची शेते, उसाचे फड, कडेला विसावलेल्या ट्रॉल्या पाहत पाहत बीदर जवळ येते, तोच भूमीचा रंग पालटतो आणि तांबडा जांभा दिसू लागतो. १५ व्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने आपली राजधानी कलबुर्गीहून येथेच हलविली.

बीदरचे नाव दूरवर नेले ते बिदरी कामाने. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून तीत चांदी बसवितात. मग किल्ल्यातील जुनी माती व नवसागर पाण्यात कालवून ते मिश्रण भांड्यास लावतात. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र शुभ्र राहते. नवसागर हा एक क्षारच होय. परंतु काम होताच कारागीर भांडे धुतो, पुसतो आणि त्यावर तेल चोळतो. क्षाराने धातूवर किती वेळ राहावयाचे, हे तो ठरवितो.

आपल्या वाहनांच्या बाबतीत हे कोण ठरवितो बरे? कॅनडासारख्या थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी चाकांनी उडून मोटारीच्या पोटाशी बसते. वरचा रंग लखलखीत आणि खालचा सांगाडा पोखरलेला, अशी गत होते. म्हणून तेथील जाणती माणसे हिवाळाभर गाडी खालूनही धुतात.

आपल्याकडे बर्फ नाही. पण म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत आहे, आणि ते खाण्याच्या मिठाचे सख्खे भावंड आहे. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत ट्रॉलीच्या सांध्यांत व बोल्टांभोवती साचते. कोरडे असते तोवर ते स्वस्थ असते. पहाटेच्या दवाने ओलावले की लोखंड खाऊ लागते. चिकटलेला काळा चिखल ती ओल धरून ठेवतो.

उपाय कारागिराचाच. खत उतरवले त्याच दिवशी ट्रॉली आधी कोरडी झाडावी. झाडलेले खत शेताच्याच कामी येते. मग साध्या पाण्याने खालून धुवावी. असले क्षार पाण्यात सहज विरघळतात, म्हणून पाणी फार लागत नाही. मात्र ते सांधे, पाटे व हूक येथवर पोचले पाहिजे. पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. हे धुवण विहिरीकडे जाऊ देऊ नये. नंतर ट्रॉली उन्हात वाळवावी, गंज तारेच्या ब्रशाने खरवडून रेड ऑक्साइड लावावा, हुकास वंगण द्यावे. ब्रेक व टायर यांस तेल लागू देऊ नये.

अर्ध्या तासाचे हे काम क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच ट्रॉलीत ऊसतोडीची माणसे बसतात, कधी लग्नाचे वऱ्हाडही बसते. चढावर गंजलेला हूक तुटला तर ट्रॉली मागे घरंगळते, आणि तेव्हा हळहळून काय उपयोग? म्हणून माणसे बसविण्यापूर्वी एकदा वाकून खाली पाहावे. लोखंडाचे पापुद्रे सुटताना दिसले, तर त्या दिवशी ट्रॉली जोडू नये. आधी लोहाराकडे न्यावी.