आकड्यांचे खेळगडी : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

किनवटच्या बाजारपेठेत कापसाचा हंगाम भरात असतो, तेव्हा आडत दुकानातील हिशेबाचे काम दिवस मावळल्यावर सुरू होते. गाड्या परतलेल्या असतात, काटा झाकलेला असतो आणि मुनीम कीर्द उघडून दिवसाचा मेळ जुळवीत बसतो. मेळ बसला नाही, तर मुरलेला मुनीम आधी एकच गोष्ट पाहतो : आलेल्या फरकाला नऊने पूर्ण भाग जातो काय? जात असेल, तर बहुधा कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. ५,८३० ची रक्कम ५,३८० अशी उतरली, तर फरक ४५० पडतो आणि त्याला नऊने भाग जातो. बँकेतील खतावणीची जुळणी हाताने होत असे, त्या काळी तेथेही हीच युक्ती चाले. संगणक आला आणि ती मागे पडली.

मुनिमाच्या दृष्टीने उलटा पडलेला अंक म्हणजे चूक. ती शोधावी, दुरुस्त करावी आणि दुकान वाढवावे. महाराष्ट्रात एक शाळामास्तर मात्र असे होऊन गेले, की ज्यांनी अंक जाणूनबुजून उलटे मांडले, वजाबाक्या केल्या आणि त्यातच सारे आयुष्य घालविले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. कुंडली मांडणाऱ्या घरात आकडेमोड चाललेली असणारच. मुलाच्या हाती आकडे आले ते बहुधा तेथूनच. ठाण्याच्या शाळेत असताना गणिती कोडी सोडविणे हाच त्याचा खेळ होता. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. असा बुद्धिमान पदवीधर वरच्या पदव्यांच्या मार्गाला लागेल अशी कोणाचीही अपेक्षा असती. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीस शिक्षक म्हणून गेले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

त्यांचा खेळ मोठा गमतीचा होता. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. जी बाकी येईल तिच्याशी पुन्हा तेच करावे. अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या हाती येते आणि एकदा आली की हलत नाही. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४ च उरतात. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. ते सालच घेऊन पाहावे. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. पुढे क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४. नेमक्या सात पायऱ्या. यातील प्रत्येक बाकीला नऊने भाग जातो, ६१७४ लाही जातो. मुनिमाची युक्ती आणि मास्तरांचा खेळ यांचे मूळ एकच आहे.

ज्या मुलांना वजाबाकीचा कंटाळा येतो, त्यांच्यासमोर हा खेळ ठेवून पाहावा. तासाभरात ती वीस-पंचवीस वजाबाक्या आपणहून करतात आणि उत्तर ६१७४ आले नाही, तर चूक कोठे झाली हेही आपणच शोधून काढतात. पावकी-निमकी घोकवून घेणाऱ्या आजोबांनाही इतके यश क्वचितच आले असेल.

कापरेकरांना असे खेळ जाता-येता सुचत. मुंबईपासून तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचे डेमलो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. तेथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या असे नाव देऊन टाकले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, अशा चढून उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी अद्भुत डेमलो संख्या म्हटले. सहा वेळा एक लिहून होणाऱ्या ११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६५४३२१ होतो.

हा शेवटचा आकडा जैन वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. कापरेकरांच्या सुमारे अकराशे वर्षे आधी, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात हीच संख्या आली आहे : २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे, म्हणजे १२३४५६५४३२१ मिळतात. दोन्हीकडून सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा गुणाकारांना आचार्यांनी कंठातील अलंकाराची उपमा दिली. १३९ गुणिले १०९ बरोबर १५१५१, हा त्यांतला लहानसा हार. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे अधिपती म्हणवीत आणि ते नगर म्हणजे आपले लातूर असे सामान्यतः मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधारही त्यांच्याच वैभवाचे ठाणे. म्हणजे हा वारसा मराठवाड्याला परका नाही. त्याच ग्रंथात मुद्दल आणि व्याज यांची, सोन्याच्या कसाची आणि मिश्रणाची उदाहरणेही आहेत. व्यापाऱ्याला लागणारा हिशेब आणि कोणाच्याच उपयोगी न पडणारा हार आचार्यांनी एकाच पोथीत शेजारी शेजारी ठेवले आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटले नाही.

कापरेकरांच्या वाट्याला अशी पोथी आली नाही. देशातील अनेक गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटले. उच्च पदवी नाही, विद्यापीठातील जागा नाही, सिद्धता थोड्या आणि उदाहरणे फार, असा माणूस. त्यांनी आपल्या पुस्तिका खासगीरीत्या छापल्या आणि काम चालू ठेवले. राहणी अगदी साधी होती. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयात गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांना गुजराण करावी लागली. व्यवहाराच्या काट्यावर तोलले, तर हा सरळसरळ तोट्याचा सौदा होता. आपल्या घरांतून एखादा मुलगा असे काही मनावर घेतो, तेव्हा आईवडिलांच्या पोटात गोळा उठतो तो उगीच नाही. कापरेकरांचे चरित्र सांगताना ही बाजू झाकणे योग्य नव्हे.

१९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. पुढे ११ वर्षांनी, १९८६ साली, ते निवर्तले. पैसा त्यातून आला नाही. ६१७४ ला मात्र आज जग कापरेकर स्थिरांक म्हणते. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, अशा गुणाच्या संख्यांनाही त्यांचेच नाव आहे.

गावावरही त्यांनी एका संख्येचे नाव ठेवले आहे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ मध्ये ३ मिळविले की २४ होतात. म्हणजे २४ चा जनक २१. काही संख्यांना मात्र असा जनकच सापडत नाही. २०, ३१, ४२ या त्यांपैकी. त्या स्वयंभू संख्यांना कापरेकरांनी देवळाली संख्या म्हटले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

आपल्या नवकारवाळीचे मणी १०८. त्यातील अंकांची बेरीज नऊ आणि नऊ बारे १०८, म्हणून ही संख्या हर्षद आहे. शिवाय ती देवळाली संख्याही आहे. खात्री करायची असल्यास ९० पासून १०७ पर्यंतच्या अठरा संख्या एकेक करून तपासाव्यात. घरात चौथी-पाचवीतले मूल असेल तर पाटी त्याच्याकडे द्यावी.