आगाऊ कौतुक

३० ऑगस्ट २०२५ला ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये टेक्सास विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मैदानात उतरला, तेव्हा तो देशात पहिल्या क्रमांकावर होता. हंगामातला त्याचा एकही सामना अजून झालेला नव्हता. असोसिएटेड प्रेससाठी पत्रकारांनी मतं दिली होती, आणि हंगामाआधीच पहिला क्रमांक मिळण्याची टेक्सासची ती पहिलीच वेळ. या विश्वासामागचं मोठं कारण म्हणजे एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, आर्च मॅनिंग. मागच्या दोन हंगामांत मिळून पहिल्या मिनिटापासून खेळायला त्याला मिळाले होते फक्त दोन सामने. तरीही वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीसाठी त्याचंच नाव सर्वांत पुढे होतं. टेक्सास १४-७ने हरलं आणि त्याच रात्री आर्चच्या हाताच्या वळणापासून सगळ्याची चिरफाड सुरू झाली.

दोन सामन्यांच्या भांडवलावर एवढी पत कुणाला मिळत नाही. ही पत आडनावाची होती. आजोबा आर्ची मॅनिंग मिसिसिपी विद्यापीठाचे दैवत. त्यांच्या जर्सीचा क्रमांक अठरा, म्हणून त्या आवारात गाड्यांना ताशी अठरा मैलांची वेगमर्यादा ठेवलेली. काका पेटन आणि एली या दोघांनी प्रत्येकी दोनदा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचं विजेतेपद, जिंकलेलं. आता या घरातला पुढचा मुलगा चेंडू फेकतो म्हटल्यावर लोकांनी त्याच्याकडे पाहण्याआधीच त्याचं भविष्य पाहून टाकलं.

या घराण्याची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी काढत नाही. आर्ची न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून अनेक वर्षं खेळले, पण हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकले असा एकही हंगाम त्यांच्या वाट्याला आला नाही. १९८०मध्ये सोळापैकी पंधरा सामने गेले, तेव्हा प्रेक्षक लाजेखातर डोक्यावर कागदी पिशव्या घालून येऊन बसत. आर्चचे वडील कूपर हे पेटन आणि एलीचे थोरले भाऊ. शाळेत पेटन चेंडू फेकायचा आणि कूपर झेलायचा. अठराव्या वर्षी कूपरच्या मणक्याचा विकार लक्षात आला आणि कॉलेजचा पहिला सामना खेळण्याआधीच त्याचा खेळ संपला. पुढे पेटनने भावाचा अठरा क्रमांक अंगावर घेतला. म्हणजे ज्या घराकडे लोक यशाची खाण म्हणून बघतात, त्याच घरातल्या बापाला पुरतं ठाऊक आहे की सगळं मनासारखं असूनही गोष्टी हातातून जातात. आर्च शाळेत असताना या कुटुंबाने त्याला मुलाखतींपासून शक्य तितकं लांब ठेवलं, त्यामागे ही जाण असावी असं मला वाटतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. रोहन गावसकर बंगालकडून रणजी खेळला, डावखुरा होता, अकरा एकदिवसीय सामने खेळला. पण त्याच्याविषयीचं वाक्य ‘सुनीलचा मुलगा’ याच शब्दांनी सुरू व्हायचं. अर्जुन तेंडुलकर मुळात वेगवान गोलंदाज. डिसेंबर २०२२मध्ये गोव्याकडून रणजी पदार्पणात त्याने शतक ठोकलं, आणि लगेच सगळ्यांना वडिलांचं १९८८मधलं पदार्पणातलं शतक आठवलं. त्या दिवशी शतक अर्जुनचं होतं, आठवण आपली होती. दोघेही मुंबई सोडून दुसऱ्या संघात गेले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आर्चने निवडलेला मार्ग वेगळा आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचा. क्वार्टरबॅकचं काम बाहेरून दिसतं तेवढं हाताचं नाही. चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत समोरच्या बचावाचा डाव ओळखायचा, पहिला साथीदार अडकला असेल तर दुसरा, मग तिसरा शोधायचा, आणि अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड माणसांकडे दुर्लक्ष करून फेकायचं. हे चुकत चुकतच येतं. २०२३मध्ये तो टेक्सासला आला तेव्हा क्विन युअर्स आधीपासून त्या जागेवर होता. हल्ली कॉलेजचे खेळाडू संधी नाही मिळाली की सहज दुसऱ्या विद्यापीठात जातात. नावावर करारांचे पैसेही मिळतात. मॅनिंगला तर कुठेही पायघड्या होत्या. तरी तो दोन वर्षं बहुतेक बाकावरच बसला. ज्याच्यावर सगळ्यांची नजर आहे, त्याला लपून शिकायला एवढी एकच जागा होती.

ती २०२५च्या हंगामात संपली. सप्टेंबरात एका सामन्यात चेंडू फेकताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, तर त्या चेहऱ्याची फीत पुन्हा पुन्हा दाखवून खांदा दुखावलाय का याची चर्चा रंगली. पुढच्या आठवड्यात घरच्याच मैदानावर, ऑस्टिनला, त्याचे लागोपाठ दहा पास वाया गेले आणि लाखभर माणसं मावतील अशा त्या स्टेडियममधून स्वतःच्याच खेळाडूची हुर्यो उडाली. माझा भाचा तिथे शिकायला आहे. त्या रात्री त्याचा फोन आला.

“मामा, काय सांगू, एवढा हाइप आणि हे! आम्ही पण ओरडलो.”

“तू कशाला ओरडलास?”

“सगळेच ओरडत होते.”

मग मी त्याच्या पहिल्या परीक्षेचं विचारलं. त्यात तो जेमतेम काठावर सुटला होता. “आईला सांगू नकोस हं,” म्हणाला. मी नाही सांगितलं. पुढच्या परीक्षेत त्याने भरून काढलं आणि पहिलीचा विषय तिथेच मिटला. त्याच्याच वयाच्या त्या मुलाचं जेमतेम काठावर सुटणं मात्र देशभर दिसलं. सामना टेक्सासने २७-१०ने जिंकला होता, हे भाच्याने मला फोन ठेवता ठेवता सांगितलं.

ऑक्टोबरात फ्लोरिडाकडून हार झाली आणि संघ पहिल्या पंचविसांतूनही बाहेर पडला. मग ओक्लाहोमाला २३-६ने हरवलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी तोवर अपराजित असलेल्या टेक्सास ए अँड एमला २७-१७ने. तिथवर बारापैकी नऊ सामने जिंकलेले. लगेच ‘आर्च परतला’ असा गजर झाला. परतला कुठून? सप्टेंबरात तो शिकत होता, नोव्हेंबरात त्यातलं थोडं आलं होतं. एवढी साधी गोष्ट सांगून मथळा होत नाही.

अशा वेळी सगळे म्हणतात, तरुण खेळाडूंवर टीका जपून करा. मला वाटतं, आधी कौतुक जपून करायला हवं. आर्चने काही मागितलं नव्हतं. दोन सामन्यांवर पहिला क्रमांक आपण दिला, ट्रॉफी आपण दिली, आणि ते खरं ठरेना तेव्हा फसवणूक झाल्यासारखे आपणच चिडलो. हुर्यो हे त्या आगाऊ कौतुकावरचं व्याज असतं, आणि ते भरतो मात्र ज्याने कर्ज काढलंच नाही तो. घरात, शाळेत, गल्लीत ‘हा पुढे कोण होणार’ हे मुलाच्या दहाव्या वर्षी जाहीर करणारे आपण सगळे त्याच सावकारीत आहोत. मुलाने काही करून दाखवल्यावर कौतुक करायला थोडा उशीर झाला, तर त्यात कुणाचंच काही बिघडत नाही.